काचेच्या धाग्यांचा वैशाख

ज्या अनंताने ही पृथ्वी आपल्या फणांवर तोलून धरली आहे आणि तरीही ज्याच्या मुद्रेवर श्रमाची एक रेषा उमटत नाही, त्या शेषरूप भगवंताला प्रथम वंदन करतो. भार वाहणाऱ्या प्रत्येक वस्तूत त्याचाच अंश आहे, असे मी मानत आलो आहे. मग ती वस्तू लेकरू घेतलेल्या आईची कंबर असो, बैलाचा खांदा असो, की दोन भिंतींवर टेकलेला सिमेंटचा स्लॅब असो. आज अक्षय तृतीया. सकाळी पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला माठ दिला, खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर तांब्याभर पाणी शिंपडले, आणि त्या ओल्या वाळ्याचा पहिला गंध आला तोच चार वर्षांपूर्वीचा वैशाख माझ्यासमोर येऊन बसला.

त्या वैशाखाला दोन गंध होते. एक हाच, मातीचा आणि मुळांचा. दुसरा उग्र, नाकाच्या टोकाला झोंबणारा, औषधाच्या कारखान्यातून यावा तसा. सत्तरीला पोहोचलेला, संस्कृताखेरीज फारसे काही न शिकलेला मी, त्या दुसऱ्या गंधाची आठवण इतक्या प्रेमाने काढीन, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

नागपूरचा वैशाख बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. दुपारी बाराला महाल भागातल्या गल्ल्या अशा निर्मनुष्य होतात की सायकलरिक्षाची घंटी तीन वळणे पलीकडून ऐकू येते. माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात. पितळेच्या कडीला हात लागला तर चटका बसतो. पण आमच्या वेदपाठशाळेसाठी हाच ऋतू मोकळा. परीक्षा संपतात, विद्यार्थी आपापल्या गावी जातात, आणि वर्षभर घनपाठाने घुमणारे सभागृह एखाद्या रिकाम्या शंखासारखे पडून राहते.

ते सभागृह उभे राहिले एकोणीसशे साठ साल उलटल्यावर लवकरच. मी तेव्हा नुकताच अध्यापक म्हणून आलो होतो. स्लॅब ओतला त्या दिवशी घमेल्यांची रांग रस्त्यापासून माडीपर्यंत लागली होती आणि सखाराम मिस्त्री, तेव्हाचे काळेभोर, पिळदार, सळयांवर अनवाणी उभे राहून सर्वांना दटावत होते. वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांच्या निजण्याच्या खोल्या व्हायच्या होत्या. झाले ग्रंथालय.

त्याला कारण आमचा एक रिवाज. कोणी ग्रंथ आणून दिले तर पाठशाळेने ते परत पाठवायचे नाहीत. महालात, इतवारीत, धंतोलीत एखादे विद्वान वृद्ध गेले की घरची मंडळी त्यांची पुस्तके हळदकुंकू लावून आमच्या दारी आणीत. आम्ही अक्षता टाकून ती स्वीकारीत असू. एका कपाटाची दहा झाली, दहाची चाळीस. प्रमुख झाल्यावर प्रत्येक कपाट मी स्वतः हजर राहून लावून घेतले. विदर्भात इतका ग्रंथसंग्रह असलेली पाठशाळा दुसरी नसावी, असे मी पाहुण्यांना सांगे, आणि सांगताना आवाज किंचित चढे, हेही मान्य करतो.

मग एका पौषात सभागृहाच्या छताला मधोमध एक बारीक भेग दिसली. फाल्गुनापर्यंत तिच्यात नख जाऊ लागले, आणि भिंतीजवळ उभे राहून पाहिले तर छत मध्यभागी पोट सोडल्यासारखे दिसे. सरकारी कार्यालयातून एक अधिकारी आले, वर पाहिले, खाली पाहिले, आणि लेखी कळवून गेले: आषाढात सत्र सुरू होण्यापूर्वी स्लॅब भाराच्या परीक्षेस उतरला नाही, तर सभागृहाला कुलूप लागेल आणि ग्रंथ अन्यत्र हलवावे लागतील. अन्यत्र म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हते. स्लॅब तोडून नवा ओतायचा तर वर्ष जाणार. चाळीस विद्यार्थी वर्षभर कुठे बसणार? एकदा पांगलेली पाठशाळा पुन्हा भरत नाही, हे मी दोन ठिकाणी पाहिलेले होते.

अशा वेळी मेश्राम सर आले. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारे, पस्तिशीतले, शांत गृहस्थ. स्कूटर दाराशी लावून त्यांनी "जयभीम, गुरुजी" म्हटले. मी "नमस्कार" म्हटले. त्यांचे आईवडील दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारलेले, हे मला ठाऊक होते. एका विश्वस्तांनी नंतर मला बाजूला घेऊन, दुसरे कोणी मिळत नाही का, असे विचारले. छताचा तडा दिसावा तितका स्पष्ट त्या प्रश्नामागचा जातीचा तडा मला त्या दिवशी दिसला, आणि मी म्हणालो, "मिळत असेल, मला हेच हवे आहेत." एवढ्या एका उत्तराचा मला आजही अभिमान आहे.

छताखाली उभे राहून सरांनी आमच्या स्वयंपाकघरातून एक काकडी मागवली. दोन्ही टोके धरून ती हळूहळू वाकवली. पोटाकडची साल ताणली गेली आणि फाटली. पाठीला काहीच झाले नाही. "स्लॅबचं असंच आहे, गुरुजी," ते म्हणाले. "दाबाला काँक्रीट खंबीर, ताणाला कच्चं. पोटाकडचा ताण आतल्या सळया घेतात. आता ताण वाढला. सळया आत घालता येत नाहीत, म्हणून आपण बाहेरून पोटाला पट्ट्या चिकटवू. काचेच्या धाग्याच्या."

"काचेच्या?" मी विचारले. "काच तर फुटते."

"भिंग फुटतं. केसासारखा बारीक धागा ओढला तर काच पोलादाशी स्पर्धा करते. प्रयोगशाळेत मी तुळयांवर करून पाहिलं आहे. खऱ्या इमारतीत अजून नाही. हे तुम्हाला आधीच सांगतो."

सखाराम मिस्त्री कोपऱ्यात उकिडवे बसून ऐकत होते. आता केस पांढरे, कानाने कमी ऐकू येई, पण स्लॅब त्यांचा होता. "काहून जी सर, माह्या स्लॅबचं हाड मोडलं का? तुम्ही त्याले पट्टी बांधून राहिले तं!"

"हाड मजबूत आहे, मिस्त्री. वरचं ओझं वाढलं. एका पोत्याच्या जागी चार ठेवली तर पैलवानही वाकते."

"ती पोती नव्हेत," मी म्हणालो, "ग्रंथ आहेत."

"स्लॅबले ते समजत नाही ना, गुरुजी," सर म्हणाले. मिस्त्री गुडघ्यावर थाप मारून हसले, आणि त्या हसण्यात ते कामावर रुजू झाले.

बाजारात मिळणाऱ्या काचेच्या कापडात धागे उभे-आडवे सारखेच असत. सरांना बहुतेक धागे लांबीच्या दिशेने हवे होते. त्यासाठी ते कामठीला रशीदभाईंकडे गेले. रशीदभाई पिढीजात विणकर. काचेचा धागा मागावर चढवायला तयार झालेले ते एकटेच. एका दुपारी मी सरांबरोबर तिथे गेलो होतो. मागांच्या खडखडाटात एक माग मात्र अगदी हळू चालला होता, आणि त्यावरून पाण्याच्या धारेसारखी चकाकणारी पट्टी उतरत होती. रशीदभाईंच्या कोपरापर्यंत पुरळ उठले होते.

"काचेची कुसळं शिरतात," ते हात पुढे करून म्हणाले. "गुरुजी, तीस साल साड्या विणल्या, पण असा नखरेवाला धागा नाही पाहिला. गाठ मारू देत नाही, ओढू देत नाही. नवी नवरी समजून चालवतो." मग पट्टी हातात घेऊन अभिमानाने विचारले, "ये सचमुच छत उठायेंगी ना, सर?"

"उठवणार नाही, रशीदभाई. धरून ठेवणार."

"धरून ठेवायचंच काम कठीण राहते," ते म्हणाले.

पुढचे दिवस आठवले की अजून अंगावर पांढरी धूळ बसल्यासारखे वाटते. वरची कपाटे रिकामी करून ग्रंथ शेजारच्या घरांत ठेवले. छताखाली लाकडी बल्ल्यांचे टेकू देऊन ते जरासे वर उचलून धरले. मग मिस्त्री आणि त्यांची दोन माणसे मचाणावर चढून तारेच्या ब्रशांनी, दगडांनी छत घासू लागली. चाळीस वर्षांच्या होमांची काजळी होती ती. खाली पडत असता मला ती आमच्या तपश्चर्येची राखच वाटे. आठव्या दिवशी छत मोत्यासारखे स्वच्छ झाले. सर म्हणाले, "आता याला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. चिकटणं हेच सगळं आहे. पट्टी कितीही मजबूत असो, मधे काही आलं तर ती नुसती लोंबणारी चिंधी."

दुसऱ्या दिवशी ते पट्ट्या आणायला कामठीला गेले, आणि मी कार्यारंभाचा होम मांडला.

आमची रीत अशी की ज्या छतासाठी संकल्प करायचा, त्या छताखालीच आहुती द्यायची. माझी पत्नी समिधा आणून ठेवताना म्हणाली, "अहो, अंगणात मांडा ना कुंड. सरांनी बोट लावू नका म्हणून सांगितलं आहे."

"बोट कोण लावतो आहे?" मी म्हणालो. "होम खाली, छत वर."

ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिचे न बोलणे मला ऐकू यायला हवे होते. मी यथासांग आहुती दिल्या, काम निर्विघ्न होवो अशी प्रार्थना केली. ती अंतःकरणापासून होती.

पट्ट्या चिकटवायचे रेझिन म्हणजे उग्र वासाचा कृत्रिम डिंकच; वैशाखाच्या उन्हात ते वाटीतल्या वाटीत घट्ट होते, म्हणून काम पहाटे. भूपाळीच्या वेळेस सायकलरिक्षातून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी येई. तिचे तुकडे परातीत पसरून त्यावर रेझिनचे भांडे ठेवायचे. सर त्यात ते घट्ट करणारा हार्डनर तोलून घालत आणि लाकडी पळीने ढवळत. किती वेळ ढवळायचे, हे मोजायला त्यांनी घड्याळ लावले होते. मी मनात एक सूक्त म्हणे आणि ते घड्याळाबरोबर संपे. मग छताला रेझिनचा लेप, त्यावर पट्टी, त्यावर पुन्हा लेप, आणि छोटे रूळ फिरवून आतली हवा बाहेर. काचेची पट्टी रेझिन प्यायली की पारदर्शक होई. डोळ्यांदेखत छतात विरून जाई. सूर्य छपरावर येईपर्यंत तीन पट्ट्या. तीन पहाटांत नऊ.

आम्हा सर्वांची छाती तेव्हा फुगलेली होती. मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून दाखवीत, "पाहा गा, कपड्यानं स्लॅब बांधला."

चार दिवसांनी परीक्षा. सर मचाणावर आडवे पडून नाण्याने पट्टीवर टकटक करू लागले. चिकटलेली असेल तर भरीव नाद, सुटलेली असेल तर पोकळ. मिस्त्रींना तो भेद ऐकू येईना. मी खाली उभा होतो. उदात्त आणि अनुदात्त यांतले अंतर शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला तो भेद ऐकू न येणे अशक्य होते.

"थांबा," मी म्हणालो. "जरा मागे. तिथे नाद बदलला."

मी सांगत गेलो, सर खडूने खुणा करत गेले. सात पट्ट्या भरीव. मधल्या दोन, हातभर लांबीच्या भागात, पोकळ.

सरांचा चेहरा उतरला. पट्ट्या पाहायला रशीदभाईही कामठीहून आले होते. मिस्त्री त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मी तं पहिलेच म्हटलं होतं. कामठीचा कपडा लुगड्याले ठीक. स्लॅबले नाही."

"सब पट्टी एकच ताण्यातली आहे, मिस्त्री," रशीदभाईंचा आवाज दुखावलेला होता. "खराब असती तर नऊच्या नऊ सुटल्या असत्या. दोच काहे को छूटी?"

"विणीत त्या दोन सैल पडल्या असतील," सर वहीत लिहिता लिहिता म्हणाले. "किंवा बर्फ कमी पडला, चूक माझी. कारण कळत नाही तोवर पुढे जाता येणार नाही. अधिकाऱ्यांना तसं कळवावं लागेल."

म्हणजे कुलूप. माझी नजर खाली गेली. खडूच्या खुणांच्या बरोबर खाली फरशीवर होमकुंडाचा चौकोनी काळा डाग होता.

मी ताबडतोब बोललो नाही. हे लिहायलाच हवे. मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात रशीदभाई पुरळ उठलेले हात मागे बांधून दाराकडे निघाले होते. त्या क्षणी माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या: माझा होम, आणि त्या माणसाचे हात. पन्नास वर्षे ज्या अग्नीला मी साक्षी म्हणून बोलावत आलो, त्याने माझ्याकडे पाहिले असावे.

"रशीदभाई, थांबा," मी म्हणालो. "सर, तुम्ही कामठीला गेलात त्या दिवशी मी इथे होम केला. याच जागी."

सरांनी छिन्नीने पट्टीचे सुटलेले टोक उचलले, तिच्या पाठीवर बोट फिरवले, वास घेतला आणि खाली वाकून बोट माझ्यापुढे धरले.

"तूप," मी म्हणालो.

"गाईचं," माझी पत्नी दारातून म्हणाली.

आधी मिस्त्रींना हसू फुटले. "चिकटन कसं जी! तव्याले तूप लावलं तं पोळी तरी चिकटते का?" मग रशीदभाई हसले, मग सर, आणि शेवटी मीही. हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "गुरुजी, त्या पहाटे मी छतावरून हात फिरवून पाहायला हवा होता. अर्धी चूक माझी."

"ती मला पूर्ण हवी आहे," मी म्हणालो.

रशीदभाईंनी न सांगता दोन नव्या पट्ट्या विणून आणल्या. पोकळ भाग कापून काढले, आणि ते छत पुन्हा घासायला मी मचाणावर चढलो. मिस्त्री नको नको म्हणत होते. तीन सकाळी मी दगड फिरवला. जपाची माळ ओढणाऱ्या बोटांना फोड आले. दर थोड्या वेळाने सर हात फिरवून पाहत आणि "अजून" म्हणत. माझ्या गुरूंनंतर मला असे "अजून" कोणी म्हटले नव्हते. तिसऱ्या सकाळी ते दारातून आत आले आणि या वेळी माझ्या रीतीने म्हणाले, "नमस्कार, गुरुजी," आणि त्याच क्षणी मचाणावरून मी म्हणालो, "जयभीम, सर." दोघेही थबकलो. मिस्त्री म्हणाले, "झाली का अदलाबदल? आता उतरा, माह्यी पाळी."

ज्येष्ठाच्या अखेरीस भाराची परीक्षा. टेकू काढले. कन्हान नदीच्या वाळूची पोती एकेक करून माडीवर चढली, ओळीने, न आदळता. ग्रंथांच्या वजनाहून अधिक भार. खाली छताच्या मध्याला टेकवलेले एक घड्याळासारखे यंत्र. छत केसभर खाली आले तरी त्याचा काटा हलणार. भार एक पूर्ण दिवस ठेवायचा, मग काढायचा, आणि काटा किती मागे येतो ते पाहायचे. खाली येणे हा दोष नव्हे, सरांनी मला समजावले. वाकून परत न येणे हा दोष.

दुसऱ्या दिवशी पोती उतरली. अधिकारी वही घेऊन उभे. सर यंत्राजवळ गेले नाहीत. "तुम्ही वाचा, गुरुजी," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी चष्मा पुसला, वाकलो, आणि वाचले. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन पुन्हा वाचले. यायला हवा त्याच्याहूनही काटा अधिक मागे आला होता. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. सखाराम मिस्त्री भिंतीला तळहात लावून, एखाद्या जुन्या घोड्याला थोपटावे तसे, तिला थोपटत राहिले.

सत्र वेळेवर सुरू झाले. पहिला पाठ परंपरेने प्रमुखाचा असतो. त्या वर्षी मी मेश्राम सरांना विनंती केली आणि व्यासपीठावरच्या माझ्या आसनावर बसवले. दुसरे कोणी मिळत नाही का, असे विचारणारे ते विश्वस्त पुढच्या रांगेत होते. पाठ संपेपर्यंत बसून राहिले. सरांनी रशीदभाईंच्या पट्टीचा एक तुकडा मुलांच्या हाती दिला, ताण आणि दाब समजावले, आणि त्या कामातले प्रत्येक नाव घेतले, घमेली उचलणाऱ्यांसह. काटोलकडच्या एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, हे किती वर्षं टिकन?"

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. शंभर वर्षे म्हणाले असते तर आम्ही सगळ्यांनी आनंदाने मान डोलावली असती.

"माहीत नाही," ते म्हणाले. "असं काम आपल्याकडे अजून कोणी म्हातारं झालेलं पाहिलेलं नाही. मी दर वैशाखात येऊन पाहीन. तुम्हीही पाहायला शिका."

त्या आसनावरून मी चाळीस वर्षे शिकवले; इतका शुद्ध उच्चार त्यावरून मी कधी ऐकला नव्हता.

वाचकहो, तुमच्या घरावरचे छत तुम्हाला आणि तुमच्या लेकराबाळांना दीर्घकाळ सावली देवो. तुमच्यावर येणारा भार तुम्हाला वाकवो, पण परत उभे राहण्याचे बळही देवो. तुमच्या दारी येणाऱ्या कारागिराचा हात सदैव निरोगी राहो, आणि तुमच्या घरात अन्न, विद्या आणि खरे बोलण्याचे धैर्य यांची वाण कधी न पडो. शुभं भवतु.